डोंगराची मागची बाजू

धाकटा सुळका डावीकडे की उजवीकडे, एवढ्यावरून माझ्या ऑफिसातली दोन शहाणीसुरती माणसं तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हती. डोंगर मी केलेला असल्यामुळे माझ्याशी मात्र दोघंही दिवसातून चारचार वेळा बोलत होती. मी सातारची. भांडण मला वर्ज्य नाही. पण ते निदान माझं स्वतःचं असावं, एवढी माफक अपेक्षा असते.

ऑफिस कतारमध्ये, दोह्याशेजारच्या लुसैलला, बाविसाव्या मजल्यावर. इंजिनिअर लोक इमारतींची ड्रॉइंग काढतात आणि मी ती सांभाळते. नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारायचा आणि ते जुनं कुणी चुकून साइटवर नेत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. अकरा वर्षं हेच करते आहे. त्यामुळे घरातसुद्धा मी माणसं शिक्का मारण्यालायक आहेत की नाहीत अशा नजरेने बघते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

ही दोन माणसं आर्मेनियन. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर कधी नीट बसली नाहीत, म्हणून घरी मी त्यांना आडनावं पाडली होती: बैरुतकर आणि येरेवानकरीण. बैरुतकर पासष्टीला टेकलेले, इमारतींच्या खांब-तुळयांचा हिशेब करणारे. जन्म बैरुतचा, नोकरी सगळी आखातात. शंभराहून जास्त वर्षांमागे त्यांच्या लोकांची कत्तल झाली, त्यातून त्यांची आजी लहानपणी वाचली आणि कुठून कुठून फिरत शेवटी बैरुतला पोचली. येरेवानकरीण पस्तिशीची, आर्किटेक्ट, दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेली. ती थेट आर्मेनियाच्या राजधानीतली. दोघांचा देश एक, देव एक आणि डोंगरही एक. हा डोंगर येरेवानमधून रोज दिसतो, पण आहे सरहद्दीपलीकडे, तुर्कस्तानात, आणि ती सरहद्द बंद. त्याला दोन सुळके, एक थोरला आणि एक धाकटा. बैरुतकरांच्या आजीचं गाव त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे त्यांचं कुणीच नाही.

बैरुतकरांचं कंत्राट जानेवारीअखेर संपणार होतं. कंत्राट संपलं की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की कतार तुम्हाला गोड हसून विमानात बसवतं. मग जायचं कुठे? बैरुतमध्ये आपलं म्हणावं असं माणूस उरलेलं नव्हतं. मुलगा अमेरिकेत, तो ‘या’ म्हणायचा, पण सुनेचं ‘या’ अजून आलेलं नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, मग मायदेशी जा ना. जन्मभर ज्या आर्मेनियाच्या नावाने ते डोळे ओले करत आले, तिथे हा माणूस एकदाही गेलेला नव्हता. हा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे.

दोघांची जुंपायची पँट्रीत, चहाच्या वेळी. सुरुवात त्यांच्या भाषेत व्हायची आणि मग मला पंच म्हणून ओढायचं असल्यामुळे ते इंग्रजीवर यायचे. पुढचं सगळं मी माझ्या मराठीत सांगते आहे. दसऱ्याच्या सुमाराला बातमी आली की येरेवानच्या विमानतळावर पासपोर्टवर जो शिक्का मारतात, त्यातलं डोंगराचं चित्र काढायचं तिथल्या सरकारने ठरवलंय. शिक्क्याचा प्रश्न म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

“आज शिक्क्यातून डोंगर काढला. उद्या पुस्तकातून आजी काढतील,” बैरुतकर म्हणाले.

“जो डोंगर आपल्या हद्दीत नाही, तो शिक्क्यात ठेवून काय करायचंय? आधी आहे तो देश तर राहू दे,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांशी जुळवून घेतलं, सरहद्द उघडली, तर आमच्या लोकांना चार जर्दाळू विकता येतील.”

“जर्दाळू विकायला आजी विकायची?”

“तुम्ही बैरुतमध्ये बसून गाणी म्हणा. पाच वर्षांमागे लढाई झाली तेव्हा आघाडीवर माझा भाऊ होता.”

यावर बैरुतकर नुसता चहा ढवळत बसले. त्यांचं मला वाईट वाटायचं, पण मनातून मी तिच्याच बाजूची होते. माझं मत सरळ होतं. आजी कुठे राहायची याला महत्त्व नाही, तुमचं रेशनकार्ड जिथं आहे तो तुमचा देश. नवी आवृत्ती आली की जुनी रद्द. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही. “तू फार कठोर बाई आहेस,” असं म्हणून त्यांनी माझ्याच डब्यातली चकली उचलली.

आता डोंगराकडे येते. आम्ही राहतो अल वक्राला, तळमजल्यावर, मागे चार हातांचं अंगण. त्या अंगणात मी दर दिवाळीला किल्ला करते. लहानपणी किल्ला करायचा मान दादाचा. चिखलात हात घालायचा तो त्याने आणि त्याच्या मित्रांनी. मी मुलगी, म्हणून माझ्याकडे हळीव पेरायचं काम. पंधरा वर्षं मी किल्ल्यावर फक्त गवत पेरलं. त्याचा सूड मी वक्रात दरसाल घेते. नर्सरीतून मातीची पोती आणते, साइटवरच्या फुटक्या विटा मागून घेते, त्यावर तांदळाची तागाची गोणी चिखलात बुडवून पांघरते, की झाला डोंगर. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला म्हटलं, बघ, हा दरवाजा असा आत वळवायचा, म्हणजे शत्रूला कळत नाही. ती म्हणाली, “आई, बट देअर इज नो शत्रू.” मी तिला हळीव पेरायला बसवलं.

फराळाला ऑफिसचे लोक आले होते. बैरुतकर शंकरपाळ्यांची वाटी घेऊन किल्ल्यासमोर जे उभे राहिले, ते हलेचनात. अल दुहैलला एका व्हिलाच्या हॉलमध्ये त्यांच्या समाजाच्या मुलांचा शनिवारचा वर्ग चालायचा. पंधरा-वीस मुलं, लिहायवाचायला आणि गाणी शिकायला येणारी. शिकवायची येरेवानकरीण, किल्ली आणि कारभार बैरुतकरांकडे. डिसेंबरात मुलांचा कार्यक्रम होता.

“आमचा डोंगर करशील?” त्यांनी विचारलं. “तिला सांगू नकोस. बघून खूश होईल. माझा शेवटचाच कार्यक्रम आहे.”

शेवटचा म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? त्यांनी मला नमुना म्हणून एक फोटो पाठवला. आजीने भरतकाम केलेला रुमाल होता तो: निळ्या धाग्याचं आभाळ, थोरला सुळका डावीकडे, धाकटा उजवीकडे. ज्या घराच्या दारातून आजीने तो डोंगर पाहिला, त्या दारातून तो तसाच दिसत असणार. मी डोळे झाकून तसाच केला. चाकांच्या टेबलावर विटा रचल्या, गोणी पांघरली, चिखल लिंपला, सुळक्यांवर बर्फ म्हणून पांढरी रांगोळी घातली आणि पायथ्याशी, न राहवून, हळीव पेरलं. चार दिवसांत हिरवागार झाला. खोटं कशाला बोलू, मी इतका सुंदर डोंगर सातारलाही पाहिलेला नाही.

त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने बातमी टाकली. आमच्या गावावरच्या गडाच्या माचीवर बारा-पंधरा घरांची वाडी आहे. तिला पाणी न्यायचं तर पाइप गडाच्या जुन्या दरवाजातूनच जाणार होता. मी ताबडतोब दोन लांबलचक मेसेज लिहिले. आपल्या पूर्वजांनी ज्या दरवाजावर पहारा दिला त्यातून प्लास्टिकचा पाइप? ही इतिहासाची विटंबना आहे, वगैरे. दादाने आवाजी निरोप पाठवला. “आगं बाय, तू दुहात बसून इतिहास राख. हितं म्हाताऱ्या बायका डोक्यावर हंडा घिऊन दोनशे पायऱ्या चढत्यात.” मला रागच आला. दादाला इतिहासाची चाड नाही, हे मी नवऱ्याला जेवताना दोनदा सांगितलं.

शनिवारी डोंगर न्यायला कंपनीच्या पिकअपचा ड्रायव्हर आला. तो बीडकडचा. वक्रा ते दुहैल, सगळं दोहा ओलांडून जायचं. दर राउंडअबाउटला डोंगर डुलायचा आणि मी पुढच्या सीटवरून मान वळवून मागे बघायची.

“ताई, ह्यो डोंगर कुन्या गावचा म्हनायचा?”

मी सांगितलं. डोंगर यांचा आहे पण यांच्याकडे नाही, दोघांचा आहे पण दोघांना वेगळा वाटतो, सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, “म्हंजी भावकीचा हाय. भावकीच्या डोंगराला आपुन हात लावू न्हाई, ताई.” मी त्याला समोर बघून गाडी चालवायला सांगितलं.

हॉल भरलेला होता. आयाबाया नटूनथटून आलेल्या, मुलं जरीच्या जाकिटांत. बैरुतकरांनी स्वतःच्या हाताने डोंगरावरची चादर ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैरुतकरांचे डोळे भरले होते आणि माझेही भरायच्या बेतात होते, तेवढ्यात येरेवानकरीण पुढे आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, “उलटा आहे.”

“सुलटा आहे,” बैरुतकर म्हणाले.

“धाकटा डावीकडे असतो. मी रोज दात घासताना बघत मोठी झाले.”

“आमच्या दारातून तो उजवीकडे आहे.”

“कुठलं दार? तुम्ही ते दार पाहिलंय तरी का? तुम्ही देशात एकदा पाय ठेवला नाहीत, आणि मुलांना डोंगर उलटा शिकवता!”

हॉलमध्ये दोन तट पडायला वेळ लागला नाही. बैरुत आणि तिकडच्या इतर शहरांतले आईबाप एका बाजूला आणि येरेवानकडचे दुसऱ्या बाजूला. मधे मुलं, त्यांच्या मधे माझा डोंगर. मला तर भाषा कळत नव्हती, पण सूर अगदी ओळखीचा होता. आमच्याकडे गावजत्रेला पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची यावर हाच सूर लागतो.

मग येरेवानकरणीने आर्किटेक्टसारखा विचार केला. डोंगर टेबलावर आहे, टेबलाला चाकं आहेत. मागून पाहिला तर धाकटा आपोआप डावीकडे येणार. तिने टेबलाची कड धरली. मी “नको, नको!” म्हणत पुढे धावले, पण तिला वाटलं मी बैरुतकरांची बाजू घेतेय. तिने जोरात टेबल फिरवलं.

आता किल्ला ज्याने केलाय त्याला सांगायला नको. किल्ला भिंतीला टेकवून करतात. त्याला मागची बाजू नसते. आमच्या सात पिढ्यांत कुणी किल्ल्याची मागची बाजू लिंपलेली नाही. त्या समस्त समाजासमोर त्यांच्या पवित्र डोंगराचं जे दर्शन झालं, त्यात फुटक्या विटा होत्या, थर्माकोलचे तुकडे होते आणि मधोमध, एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत, ‘एक्स्ट्रा लाँग बासमती, चाळीस किलो’ असं लिहिलेलं होतं.

पहिल्या रांगेतला एक छोटा मुलगा खदखदून हसला. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही. बैरुतकरांनी खिशातून हॉलची किल्ली काढून टेबलावर ठेवली, परत उचलली, आणि ती घेऊनच घरी निघून गेले. वर्ग बंद पडला.

त्यानंतरचे ते तीन आठवडे. येरेवानकरीण सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणायची, “त्याला सांग, किल्ली दे.” बैरुतकर दुपारी येऊन म्हणायचे, “तिला सांग, माफी माग.” चौथ्यांदा मी दोघांना सांगितलं की मी इथे ड्रॉइंग सांभाळायला आहे, निरोप सांभाळायला नाही. खलास. पण मनातून मला शरम वाटत होती. भांडण त्यांचं खरं, पण गोणी माझी होती. शेवटी मी डोंगर परत वक्राला आणला आणि त्याची मागची बाजू लिंपायला घेतली.

शुक्रवारी दुपारी बैरुतकर न सांगता आले. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून माझं काम बघत राहिले. मग म्हणाले, “तिचं बरोबर आहे. मी ते दार पाहिलेलं नाही.”

मी चिखल थापत राहिले.

“मला भीती वाटते,” ते म्हणाले. “मी तिथे गेलो आणि मला काहीच वाटलं नाही तर? आजीचं गाव डोंगराच्या पुढच्या अंगाला. येरेवानहून मला फक्त त्याची पाठ दिसणार. चौसष्ट वर्षं एका रुमालाकडे बघून रडलो. तिथे जाऊन रडू आलं नाही तर मी मग कोण?”

एवढा मोठा माणूस माझ्या अंगणात बसून असं बोलला. मी त्यांना दादाच्या पाइपची गोष्ट सांगितली. सांगायला घेतली दादाची तक्रार म्हणून. गडाचा दरवाजा, पहारा देणारे पूर्वज, विटंबना, दोनशे पायऱ्या, हंडे. सांगता सांगता माझाच आवाज हळू होत गेला. कित्येक वर्षं मी त्या गडावर चढलेले नाही. सातारला होते तेव्हा एकदाच चढले होते, तेही शाळेच्या सहलीत, आणि वर पोचल्यावर मला प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून मी रडले होते. मी स्वतःला इतके दिवस येरेवानकरीण समजत होते, आणि निघाले मी पक्की बैरुतकर.

बैरुतकर तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. “पाणी येऊ दे की, बाई,” ते म्हणाले.

“मग तुम्हीही जा की,” मी म्हटलं. “तुम्ही तिकीट काढा, मी हरकत मागे घेते.”

“आधी तू.”

मी चिखलाचेच हात पुसून ग्रुपवर लिहिलं: ‘दादा, न्या पाइप. माझी हरकत नाही.’ दोन मिनिटांत दादाचा निरोप आला. “न्हेला की. दोन हप्त्यांमागंच पानी चढलं वर. तुझं मेसेज आलं तवा पाइप बसत हुता.” मी ते भाषांतर करून सांगितल्यावर बैरुतकर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी आणायला आत जावं लागलं.

सोमवारी त्यांनी पँट्रीत येरेवानकरणीसमोर किल्ली ठेवली आणि विचारलं, येरेवानला दोन आठवडे राहायला बरं हॉटेल कुठलं? ती म्हणाली, हॉटेल कशाला, माझ्या आईकडे एक खोली रिकामी आहे. तिथल्या तिथे आईला फोन लावला. आईचं म्हणणं होतं की पाहुण्याने खुशाल यावं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो, फक्त समोर कपडे वाळत असतात त्याबद्दल तक्रार करू नये. तिकीट तिनेच बसून काढून दिलं, परतीचंसुद्धा, बैरुतपर्यंतचं, कारण परतीचं असल्याशिवाय ते निघायला तयार नव्हते.

कार्यक्रम जानेवारीत झाला. डोंगराला आता दोन्ही बाजू होत्या. अर्धी गाणी झाली की मुलांनी तो फिरवायचा असं ठरलं होतं. मुलांना फिरवण्यातच एवढी मजा वाटली की एका गाण्यात तो पाच वेळा फिरला, रांगोळीचा बर्फ पहिल्या रांगेतल्या बायकांच्या काळ्या कपड्यांवर उडाला आणि धाकटा सुळका थोडा कलला. तो मी नंतर कुणाला न विचारता, मला सोयीचा वाटला त्या बाजूला सरळ केला.

जानेवारीअखेर बैरुतकर येरेवानला निघाले. विमानतळावर मी आणि येरेवानकरीण पोचवायला होतो. त्यांच्या हातातल्या बॅगेत आजीचा रुमाल होता आणि गुडघे खरोखरच दुखत होते. आठ दिवस काही निरोप नाही. येरेवानकरीण रोज विचारायची, तुला काही आलं का? तिची आई सांगत होती की पाहुणे जेवतात बरं, पण खिडकीशी उभे राहतात आणि तिला भांडी घासायला जागा मिळत नाही.

नवव्या दिवशी मला फोटो आला. आत स्वयंपाकघराची खिडकी, बाहेर दोरीवर चादर आणि मोज्यांचे तीन जोड, आणि त्यांच्या वर तो. थोरला उजवीकडे, धाकटा डावीकडे, बर्फासकट. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘मागून पाहिला. गोणी नाही. इथूनही तो पुरा आहे. परतीचं तिकीट पुढे ढकललं.’

मी वाचलं आणि पँट्रीत उभ्याउभ्या रडले. मग फोन येरेवानकरणीच्या हातात दिला. तिने दोनदा वाचलं. तिचेही डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं.

“मागून?” ती म्हणाली. “मागून म्हणजे काय? ही पुढची बाजू आहे!”

आणि तिने लगेच त्यांना फोन लावला. तिकडून बैरुतकरांचाही आवाज चढलेला मला ऐकू आला, आणि त्यांच्यामागे भांडी आपटणारी तिची आई. मी चहा ठेवला. सवयीने तीन कप काढले होते, त्यातला एक पुसून परत कपाटात ठेवला.